शिमग्याचा कडू केक

वडशाच्या आमच्या गल्लीत दोनच वास असतात. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत नाटकाच्या पडद्यांना मारलेल्या रंगाचा, आणि बाराही महिने रंभाबाईच्या भट्टीचा. मी नागसेन, एका नाटक मंडळाचं बुकिंग सांभाळतो. माझ्या ऑफिसचं दार आणि तिच्या बेकरीचं दार समोरासमोर. त्यामुळे तिच्या घरात काय चाललंय हे मला न विचारता कळतं, आणि विचारलं तर ती सांगत नाही.

आमचा भाग ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. धान कापून घरात आलं की नागपूरच्या पूर्वेकडच्या झाडीपट्टीतल्या गावांना नाटकाचं वेड लागतं. गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, लेकीजावई येतात, रात्रभर नाटक होतं. ती नाटकं वडशातून निघतात. मंडळाची गाडी दिवस कलता कलता गावाकडे जाते आणि सकाळी, पाव भट्टीतून निघायच्या वेळी परत येते. नट्या बहुतेक नागपूरच्या. हंगामापुरती खोली घेतात आणि शिमगा झाला की गाशा गुंडाळतात. पाखरं बरी, जाताना पिसं तरी टाकून जातात. या लोकांमागे आमच्याकडे उरतात फाटकी पोस्टरं.

रंभाबाई हाडापेरानं मजबूत आणि बोलायला कंजूष. तिचा नवरा लटारूभाऊ तिच्याहून कंजूष. त्यांना मूलबाळ नाही. त्यावर गल्लीनं जे बोलायचं ते बोलून घेतलं आणि मग गल्ली गप्प बसली, कारण पाव तिच्याकडूनच घ्यायचा होता.

अशा घरामागच्या खोलीत एका दिवाळीला कला राहायला आली. कला आमच्या मंडळाची नटी. आवाज असा की पार मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून नाटक पाहणारी माणसंही डोळे पुसत. तिच्याबरोबर तिची तीन वर्षांची मुलगी होती, रंजीता. नवऱ्याचा पत्ता नव्हता आणि कोणी विचारलाही नाही. पहिल्या दिवशी गाडी निघायच्या वेळी कला पोरीला शाल गुंडाळत होती. रंभाबाई दारात उभी होती.

"एवढ्या थंडीत लेकराले कुठी नेतं वो? ठेव इथी," ती म्हणाली.

तेवढंच बोलणं झालं. पोर राहिली.

त्यानंतर रोज सकाळी मी ऑफिस उघडायचो तेव्हा ती पोर मैद्याच्या पोत्यावर बसलेली दिसायची, हातात गरम पाव, नाकाला मैदा. रंभाबाई येता-जाता अंगठ्यानं तिचं नाक पुसायची, खालून वर, एकदाच. पोर डोळे मिटून ते करून घ्यायची. मग मंडळाची गाडी यायची, कला अर्धवट पुसलेल्या रंगाच्या तोंडानं उतरायची, पोरीचा मुका घ्यायची आणि मागच्या खोलीत जाऊन झोपायची. रात्रभर उभं राहिलेलं माणूस दुसरं काय करणार? एकदा त्या रंगलेल्या तोंडाच्या आईला पोरीनं ओळखलंच नाही, रंभाबाईच्या पदराआड लपली. कला पोट धरून हसली. रंभाबाई हसली नाही. पण तिचा चेहरा मी पाहिला. इतका आनंद लपवणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला तिची काळजी वाटली.

फाल्गुनात मृगबहाराचं, म्हणजे पावसाळ्यातल्या फुलोऱ्याचं, संत्रं बाजारात येतं. त्याची गोडी वेगळी. पोर पायरीवर बसून एकामागून एक संत्री खायची. एक दिवस तिनं हुकूम सोडला, "बाई, याचा केक कर."

बेकरीत तेव्हा पाव, टोस्ट, खारी आणि साधा केक एवढंच व्हायचं. संत्र्याचा केक कसा करतात हे वडशात कोणाला माहीत असणार? पण आमच्या झाडीत एक रीत आहे. आम्ही काही फेकत नाही. लाखोरी या कडधान्याची पालेभाजी उन्हात वाळवून सुकसा करतो, तो पावसाळाभर खातो. जे हाती लागेल ते आधी वाळवायचं, मग कुटायचं, पुढचं पुढे. रंभाबाईनंही तेच केलं. पोरीनं टाकलेल्या साली गोळा करून गच्चीवर वाळवल्या, आतल्या पांढऱ्या भागासकट खलबत्त्यात कुटल्या आणि तो भुगा मूठभर, सढळ हातानं, पिठात टाकला. रस घातला, अंडी, साखर, डालडा, खाण्याचा सोडा. केकचा साचा नव्हता, म्हणून ब्रेडच्या लांबट साच्यात ओतलं. पाव आणि टोस्ट निघाल्यावर भट्टी उतरतीला लागते. त्या उतरत्या आचेत तिनं चिमूटभर मैदा टाकून पाहिला. तो सावकाश तांबूस झाला तेव्हा साचा आत सरकवला.

केक दिसायला झकास झाला. लटारूभाऊनं एक तुकडा खाल्ला आणि म्हणाला, "कडू झालं."

त्या आठवड्यात तो बहुतेक तेवढंच बोलला असेल. मीही खाल्ला. कडुनिंबाला संत्री लागली असती तर अशीच लागली असती. कला तोंड वाकडं करून पाणी प्याली. पोरीनं मात्र अख्खा काप संपवला, बोटं चाटली आणि हात पुढे केला, "अजून."

रंभाबाईनं आमच्याकडे असं पाहिलं की जणू आम्ही तिघंही मूर्ख आहोत.

शिमग्यानंतर मायलेकी निघाल्या. उरलेला केक वर्तमानपत्रात गुंडाळून कलाच्या पिशवीत गेला, गाडीत पोरीला भूक लागली तर असावा म्हणून. पोर रंभाबाईचा पदर सोडेना. मीच तिला उचलून स्टेशनवर नेलं, वाटेत तिनं माझे कान ओढले. रंभाबाई काही आली नाही. भट्टी सोडून कशी येऊ, म्हणाली. भट्टी तेव्हा विझलेली होती.

मग हे दरसाल सुरू झालं. दिवाळीला पोर यायची, बोटभर वाढलेली, शिमग्याला कडू केक घेऊन जायची. आम्ही कोणी रंभाबाईला पुन्हा सांगितलं नाही की तो कडू होतो. सांगून उपयोग नव्हता, तो आमच्यासाठी नव्हताच.

पोर सहा वर्षांची झाली त्या दिवाळीला त्या आल्या नाहीत. कलाचा फोन आला. पोरीची शाळा बुडते, आता हे काम नको, नागपुरातच काहीतरी पाहते. "बराबर केलं तिनं," रंभाबाई म्हणाली आणि दिवसभर भट्टीपुढून उठली नाही. काही दिवस फोन येत राहिले. मग कमी झाले. मग तो नंबर लागेना. पुढे दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या एका नटीकडून कळलं की कला फोन बंद झाले तेव्हाच आजारपणात गेली आणि मुलीला तिच्या मामानं नेलं. त्या दिवशी टोस्टचे सगळे पत्रे करपले. तो वास आठवडाभर गल्लीत होता. लटारूभाऊ नागपूरला जाऊन आला. कलाच्या खोलीत दुसरंच बिऱ्हाड होतं, मामाचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं.

केक मात्र रंभाबाईनं सोडला नाही. शिमगा आला की संत्र्याचा केक व्हायचाच. करोनात ज्या वर्षी नाटकं बंद होती, सगळी गल्ली भुतासारखी पडली होती, त्या वर्षीही झाला. मोहर्लीला एका रिसॉर्टात तिचा भाचा आदेश स्वयंपाकी आहे. त्यानं सांगितलं, मावशे, सालीचं फक्त वरचं नारिंगी किसून घे, पांढरं घेऊ नको, त्यानं कडू होते. तेव्हापासून केक असा सुधारला की पाडव्याला ऑर्डरी येऊ लागल्या. इलेक्ट्रिकचा ओव्हन आला. जुनी भट्टी मागे राहिली, टोस्टपुरती. मी एकदा चिडवलं, "बाई, आता वडशाचं नाव होऊन राह्यलं तुमच्या केकनं."

"नावाले काय करू?" ती म्हणाली. "पोट्टी आली कधी, तं तिले चांगला खाऊ घालीन. लहानपनी बिचारीनं कडू खाल्ला."

इतक्या वर्षांनी तिला ते पटलं होतं आणि ती मनाला लावून बसली होती.

यंदा दिवाळीआधी आमच्या दिग्दर्शकानं एक नवी मुलगी माझ्याकडे पाठवली, नाव-गाव लिहून घ्या म्हणून. एकोणीस वर्षांची, सडपातळ, खांद्यावर पिशवी. नाव विचारलं. "रंजीता," म्हणाली. मी मान वर केली. कलाचं कपाळ माझ्यासमोर उभं होतं.

"माझी आई इथीच कुठल्यातरी मंडळात काम करायची म्हणतात," ती म्हणाली. "कला नाव होतं. मले काही आठवत नाही. म्हणून आली, पाहू म्हटलं काय आहे ते."

तिला खोली दाखवायला माणूस दिला आणि मी गल्ली ओलांडली. रंभाबाई कणीक तिंबत होती. मी सांगितलं. ती हळूच खाली बसली, हात तसेच पिठाचे. मग म्हणाली, "तिले सांगू नोको."

"काऊन?"

"वळखन तं वळखन. आपल्या तोंडानं सांगनं म्हंजे तिच्यावर ओझं टाकनं व्हय."

मला हा शहाणपणा पटला नाही. पण वचन घेतल्याशिवाय तिनं मला उठू दिलं नाही. त्याच दिवशी तिनं हंगामातली पहिली, आंबियाबहाराची संत्री आणवली आणि आयुष्यातला सगळ्यात उत्तम केक केला. दुसऱ्या दिवशी मुलगी चहासोबत काही खायला घ्यायला आली. रंभाबाईनं काप पुढे केला. मुलीनं खाल्ला. रंभाबाई तिच्या तोंडाकडे पाहत होती, मी दोघींकडे.

"मस्त आहे मावशी," मुलगी म्हणाली आणि पाकीट काढलं. "किती झाले?"

"राहू दे. नव्या गिऱ्हाइकाले पहिला तुकडा तसाच देतो आमी."

हे साफ खोटं होतं. इतक्या वर्षांत मला कधी तिनं फुकट खारी दिली नाही.

मग सगळा हंगाम तसाच गेला. सकाळी गाडी यायची, रंजीता रंग पुसत उतरायची, बेकरीच्या पायरीवर बसून चहा-पाव खायची, आईसारखीच पेंगत. आवाज आईचाच होता, फक्त अजून घाबरत होता. मावशी मावशी करायची, पण तशी ती चहावाल्यालाही काका काका करायची. रंभाबाईनं मैद्याचं पोतं आणून पायरीजवळ ठेवलं, पूर्वी होतं तिथंच. मुलीनं त्यावर पिशवी ठेवली. रंभाबाईनं मागच्या खोलीचं दार मुद्दाम उघडं ठेवलं. मुलीनं आत डोकावून विचारलं, "मावशी, ही खोली भाड्यानं देता का?" पोर दूर होती तेव्हा रंभाबाई तिची वाट पाहायची, त्यात निदान भट्टीचं काम तरी व्हायचं. आता ती हातभर अंतरावर बसली होती आणि हिचं कशातच लक्ष नव्हतं. समोर बसलेल्या माणसाची आठवण येऊन कोणी असं झुरतं हे मी पहिल्यांदा पाहिलं.

पळसाला फुलं आली, संत्र्याच्या गाड्या लागल्या, हंगाम संपत आला. शेवटच्या प्रयोगाला चार-पाच दिवस असतील. रंजीता पायरीवर बसून संत्रं सोलत होती. फोड खाल्ली आणि मग सालीचा तुकडा दाताखाली धरून चावत बसली. मी म्हटलं, "काय वो, साल काऊन खाऊन राह्यली? माकडंही फेकतात."

ती हसली. "आईची आठवण आहे ना भाऊ. आई संत्र्याचा केक करायची. असाच कडू. मले रेल्वेत मांडीवर घेऊन खाऊ घालायची, हे एवढं पक्कं आठवते. तोंड सुद्धा नीट आठवत नाही तिचं, फोटोतलं आठवते. पण ते कडू आठवते. नागपुरात किती ठिकाणी खाऊन पाहिला. कोणी कडू करतच नाही."

रंभाबाई दारात उभी होती, हातात टोस्टचा पत्रा. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तोंड उघडलं. तिनं माझ्याकडे फक्त पाहिलं आणि मी ते मिटलं.

मुलगी गेल्यावर मी मात्र भडकलो. "आता तं सांगा. केक तुमचा, हात तुमचे, साली तुम्ही वाळवल्या. कलानं तं एक घास गिळला नाही त्याचा."

"तिच्यापाशी मायची तेवढीच एक चीज हाय, नागसेनभाऊ," ती म्हणाली. "ते बी काढून घेऊ?"

"मंग तुमच्यापाशी काय राह्यलं?"

तिनं पदर खोचला आणि संत्री आणायला गेली.

गच्चीवर पुन्हा साली पसरल्या. लटारूभाऊनं न सांगता जुनी भट्टी लाकडं घालून पेटवली. तरी पहिला केक फसला, म्हणजे चांगला झाला. चांगलं करायची सवय लागलेल्या हाताला वाईट जमेना, भुगा टाकताना मूठ आपोआप आखडायची. तो केक मी खाल्ला, तक्रार नाही. दुसऱ्या वेळी तिनं पांढऱ्यासकट कुटलेला भुगा डोळे मिटून टाकला. लटारूभाऊनं कोपरा चाखला.

"कडू झालं," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

शिमगा झाला. रंजीता पिशवी घेऊन निरोप घ्यायला आली. रंभाबाईनं काप कापला आणि तिच्या हातावर ठेवला. मुलीनं उभ्या उभ्याच घास घेतला. चावता चावता थांबली. मग मैद्याच्या पोत्यावर बसली, घास तोंडात तसाच, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"मावशी, हा तुम्हाले कोणी शिकवला?"

लटारूभाऊ भट्टीचं लाकडी फावडं धरून उभा राहिला. मी देवाला न मानणारा माणूस, पण त्या वेळी मनात कोणाला तरी विनवत होतो की या बाईला एकदा तरी खरं बोलू दे.

"तुह्या मायनं," रंभाबाई म्हणाली.

"तुम्ही ओळखायच्या आईले?"

"इथीच राहे ते, मागच्या खोलीत. सकाळी तुले या पोत्यावर बसवे, गरम पाव हातात देये. शिमगा आला का तुह्यासाठी हा केक करे. आमी नावं ठेवो, पन ते आयके नाई. मी पाहून पाहून शिकली."

एकेक करून आपल्याजवळचं सगळं तिनं कलाला देऊन टाकलं. त्या सकाळी कला मागच्या खोलीत झोपलेली असायची, हे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. मुलगी ऐकत होती, तहानलेलं माणूस पाणी पितं तशी. तिनं विचारलं, "आणि मी तुमच्यापाशी यायची?"

"येत असशीन. लहान व्हतीस."

मुलीनं उठून तिच्या गळ्यात हात टाकले. आईला ओळखणारं एक माणूस तिला भेटलं होतं. रंभाबाईनं पिठाचे हात हवेत धरले, ड्रेस खराब होईल म्हणून. मग ठेवले.

त्या दिवशी पहिल्यांदा रंभाबाई स्टेशनवर आली. रंजीता खिडकीत बसली, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला केक. गाडी सुटायची होती तरी तिला धीर नव्हता, तिनं पुडा सोडून खायला सुरुवातही केली. "मावशी, पुढल्या हंगामात मले शिकवाल? आईचा केक?"

"शिकवीन."

केकच्या बुडाला साच्याचा मैदा लागलेला होता. तो मुलीच्या नाकाला लागला. रंभाबाईचा हात खिडकीच्या गजांतून आत गेला. तिनं ते ठरवून केलं नसणार, कारण करताना ती स्वतःच दचकली. अंगठ्यानं नाक पुसलं, खालून वर, एकदाच. मुलीनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती आश्चर्यानं हसत होती.

"आई अशीच पुसायची," ती म्हणाली. "आत्ता आठवलं मले."

"हो," रंभाबाई म्हणाली. "अशीच."

गाडी हलली. गोंदियाच्या दिशेनं शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत आम्ही फलाटावर होतो. मग ती अंगठा पदरात धरून चालायला लागली. घराजवळ आल्यावर तिनं सांगितलं की गच्चीवरच्या साली उतरवायच्या राहिल्यात.